सहलीची पिशवी : काय घ्यावे, काय टाळावे आणि कोणी उचलावी?

हवेत जरा गारवा आला की कुवेतमधल्या आपल्या मराठी मंडळींना सहलीचे वेध लागतात. पूर्वी दोह्याच्या एन्टरटेनमेंट सिटीला जायची पद्धत होती. १९८४ साली सुरू झालेले ते उद्यान २०१६ मध्ये बंद पडले. २०२२च्या डिसेंबरात शाबला विंटर वंडरलँड सुरू झाले आणि जाब्रिया, सालमिया, हवल्लीतल्या कुटुंबांना जवळचे ठिकाण मिळाले. शिवाय ईदच्या सुट्टीत दुबई-अबूधाबी आणि भारतात गेलो की खोपोलीचे इमॅजिका आहेच. ठिकाण कोणतेही असो, घरात एक ते तीन वर्षांचे मूल असले की सहलीचा खरा प्रश्न तिकिटाचा नसून पिशवीचा असतो.

या पिशवीबद्दल आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, ‘असू द्या, लागले तर!’ त्यांच्या पिशवीत अख्खे घर मावते आणि ऐन वेळी त्यातले काहीच सापडत नाही. दुसरा पंथ म्हणतो, ‘कुवेतमध्ये काय मिळत नाही? दिनार मोजले की झाले.’ माझे मत असे की दोन्ही पंथ चुकीच्या टोकाला उभे आहेत. मी व्यवसायाने संगणक अभियंता. घरात तीन वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा. आमच्या कामात एक साधा नियम असतो : प्रत्येक गोष्टीची तयारी करत बसू नये, जे बिघडण्याची शक्यता जास्त आणि बिघडल्यास नुकसान मोठे, त्याची तयारी आधी करावी. पिशवीलाही हाच नियम लावावा असे मला वाटते.

आधी वेळ, मग पिशवी

या देशात सर्वात मोठे नुकसान करते ती उष्णता. कुवेतमधल्या मुत्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. जून ते ऑगस्ट या काळात सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला इथे बंदी असते. धडधाकट माणसाला जे ऊन सोसवत नाही, त्यात दोन वर्षांच्या मुलाला झोपाळ्याच्या रांगेत उभे करण्यात शहाणपण नाही. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. आणि तहान लागली हे त्यांना नीट सांगताही येत नाही.

म्हणून उघड्यावरची सहल नोव्हेंबर ते मार्च एवढ्यातच, आणि लहान मुलांसाठी चार तासांपेक्षा जास्त नको. एकदा चार तास ठरले की पिशवी आपोआप आटोपशीर होते. दिवसभराची सहल ठरवायची आणि मग दिवसभराचे सामान वाहायचे, हा उलटा हिशेब आहे.

तिकिटाच्या दृष्टीनेही चार तास पुरतात. दोन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची सुमारे ८६-८७ सेंटिमीटर आणि तीन वर्षांच्या मुलाची ९५-९६ सेंटिमीटर. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट बहुधा याहून वरची असते. म्हणजे आपले मूल बसू शकेल असे पाळणे थोडेच. तिकीट काढण्यापूर्वी मुलाची उंची मोजावी आणि कोणकोणत्या पाळण्यांवर त्याला बसू देतील हे उद्यानाच्या माहितीत पाहावे. दुबईचे महागडे तिकीट काढून मुलाने कारंज्याजवळ खडे वेचावेत, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

पिशवीत काय असावे?

(१) पाणी. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण सव्वा लिटर द्रवपदार्थ लागतात. त्यात दूध आणि जेवणातले पाणीही आले. चार तासांसाठी दर मुलामागे अर्धा लिटर आणि मोठ्यांना लिटरभर धरले तर चौघांचे तीन लिटर, म्हणजे तीन किलो वजन फक्त पाण्याचे. बाकीचे सामान दोन किलोंच्या आत बसवावे. पाणी मागितल्यावर न देता दर वीस-पंचवीस मिनिटांनी घोटभर द्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला मात्र वरचे पाणी देऊ नये, दूधच जास्त वेळा पाजावे.

(२) जलसंजीवनीची दोन पाकिटे. किंमत किरकोळ, वजन नाही, आणि उलटी-जुलाब झाले तर हीच कामाला येते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्यावर असंख्य जीव वाचवले. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच ते पूर्ण पाकीट मिसळावे. ‘मूल कमी पिते’ म्हणून कमी पाण्यात दाट करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. भारतातून येताना गोड पेयांचे खोके ‘ओआरएस’ समजून आणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापायला भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. जाहिरात पाहू नये, घटक वाचावेत.

(३) खाणे. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या का देत, याचे उत्तर इथे मिळते. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी मऊ राहते, सांडत नाही, हाताने खाता येते. तिच्या जोडीला केळे, मऊ थालीपिठाचे तुकडे, तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी. दहीभात, खीर, शिजवलेली अंडी टाळावीत. बत्तीस अंशांच्या वर हवा गेली की असे पदार्थ तासाभराहून जास्त बाहेर ठेवणे धोक्याचे. पावडरीचे दूध घरून कालवून नेऊ नये. कोरडी पावडर मोजून डबीत आणि उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये न्यावे, ऐन वेळी कालवून निववावे आणि बाटलीत उरलेले दूध तासाभरात टाकून द्यावे.

आता एक नावडती गोष्ट. आपल्या सहलीत चिवड्याचा डबा फिरतो आणि कौतुकाने कोणीतरी दोन वर्षांच्या मुलाच्या मुठीत शेंगदाणे ठेवते. अख्खे शेंगदाणे, काजू, लाह्या, चिक्की आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. पळताना, पाळण्यात बसताना तर मुळीच नको. ‘आम्ही नाही का खाल्ले?’ या प्रश्नाला उत्तर एवढेच की ज्यांच्या घशात अडकले ते हा प्रश्न विचारायला आपल्यात नाहीत.

(४) कपडे व स्वच्छता. दर तीन तासांना एक डायपर आणि वर एक जादा. कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल, मळके कपडे ठेवायला बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. रुंद काठाची सुती टोपी आणि पायमोजे. घसरगुंडीवर मुलाला बसवण्यापूर्वी आपल्या हाताची मागची बाजू टेकवून पाहावी; उन्हात तापलेल्या धातूने, अगदी प्लॅस्टिकनेही, कोवळी कातडी भाजते.

(५) ओळख. आई-वडिलांचा फोन नंबर मुलाच्या दंडावर बॉलपेनने लिहावा किंवा कपड्याच्या आत चिठ्ठी टाचावी. नाव बाहेरून दिसेल असे लिहू नये. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला मुलाचा एक फोटो मोबाईलवर घ्यावा. मूल हरवल्यावर ‘शर्ट कुठला होता?’ हे घाबरलेल्या आईला आठवत नाही. कुवेतमधला आणीबाणीचा क्रमांक ११२ घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

काय नको?

तीन-तीन खेळणी, गोष्टींची पुस्तके, चार जोड कपडे, औषधांचे अर्धे कपाट. नेहमीचे औषध चालू असेल तर तेवढेच न्यावे. ऊन लागून अंग तापले असेल तर तापाचे औषध त्यावर उतारा नव्हे. मुलाला सावलीत किंवा वातानुकूलित जागेत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा. आणि मूल सुस्त, गोंधळलेले दिसले तर लगेच ११२ ला फोन करावा.

बाबागाडीवर जाड दुपट्टे टाकून ‘सावली’ करू नये, आत हवा कोंडून उलट जास्त तापते. पिशवी बाबागाडीच्या दांडीलाही लटकवू नये. पुढे बसलेले दहा-बारा किलोंचे मूल उचलले की मागच्या पाच किलोंनी गाडी उलटते. हा साध्या तराजूचा नियम आहे. पिशवी खालच्या जाळीत किंवा पाठीवर. आणि ‘जादा सामान गाडीत राहू दे’ हाही सल्ला इथे चालत नाही. बंद मोटारीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी चढते. तिथे दूध नासते, औषध बिघडते. मुलाला तर मिनिटभरासाठीही ठेवू नये.

दिनारांचा हिशेब

दुसऱ्या पंथाला आता आकड्यांनी उत्तर देतो. समजा, फाटकाच्या आत पाणी, खाऊ, विसरलेली टोपी, सुटे डायपर यांवर दर वेळी सहा दिनार जादा गेले. नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून दोनदा बाहेर पडलो तर दहा फेऱ्यांचे साठ दिनार. एका दिनाराचे अडीचशे रुपये धरले तरी पंधरा हजार झाले. एवढ्या रकमेची आवर्ती ठेव मुलाच्या नावाने सुरू करता येईल. मी कंजुषी शिकवत नाही. मुलाने आइस्क्रीम मागितले तर जरूर द्यावे. आनंदावर खर्च करावा, विसरण्यावर करू नये, एवढेच म्हणणे.

काही ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. तान्ह्यांचे अन्न आणि औषधे यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, पण फाटकावर वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करून विचारावे.

पिशवी कोणाच्या खांद्यावर?

शेवटचा आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा. भारतात सहलीला निघताना आजी, आत्या, काकू असा हातभार असतो. इथे तो नाही, आणि ते सगळे काम मुकाट्याने आईच्या वाट्याला येते. रात्री बारापर्यंत दशम्या करणारी ती, यादी डोक्यात ठेवणारी ती, आणि काही राहिले की ‘तू घेतले नाहीस का?’ हे ऐकणारीही तीच. पुरुषमंडळींनो, कार्यालयात आपण मोठमोठे प्रकल्प वेळेवर पार पाडतो. मग पाच किलोंची पिशवी आपल्याच्याने भरता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. आमच्या घरी यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे आणि पिशवी भरणे माझे काम आहे. भरणाऱ्यालाच आत काय आहे ते माहीत असते, म्हणून उचलणाराही तोच असावा.

काही घरांत हा भार घरकामाच्या बाईवर जातो. शुक्रवारी सहल, तिच्या खांद्यावर पिशवी, कडेवर मूल, आणि आपण पुढे फोटो काढत. कुवेतच्या २०१५ सालच्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगारांना आठवड्याची सुट्टी आणि दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम हा हक्क दिला आहे. सहलीचा दिवस तिच्यासाठी कामाचाच दिवस असतो. तिला नेलेच तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी, आणि पिशवीत तिच्याही वाट्याचे पाणी नि जेवण मोजावे. परमुलखात राबणाऱ्याचे दुःख आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

मंडळाच्या सहल समितीला एक विनंती. प्रत्येक घराने सगळेच वाहण्यापेक्षा एक सामाईक पेटी ठेवावी : जलसंजीवनी, थर्मामीटर, पट्ट्या, जादा डायपर, दोन टोप्या. पाण्याचे मोठे कॅन एकत्र घ्यावेत. निमंत्रणातच पोहोचण्याच्या वेळेबरोबर ‘लहान मुलांची परतीची वेळ’ छापावी, म्हणजे लवकर निघणाऱ्या आई-वडिलांना संकोच वाटणार नाही. खर्च घरटी अर्ध्या दिनाराच्या आसपास यावा. कोणी पुढाकार घेणार असेल तर पहिल्या सहलीची पेटी भरून आणण्याची जबाबदारी मी घेतो. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते संपादकांकडे जरूर कळवावे.