फुप्फुसांतलें कमळ

नवें पुस्तक हातीं पडलें म्हणजे आपल्याकडील वाचक बहुधा दोनपैकीं एक वाक्य उच्चारतो. "फार सुंदर आहे" हें पहिलें; "आम्हांस कांहीं कळलें नाहीं" हें दुसरें. पहिलें पुष्कळदां शिष्टाचारापोटीं म्हटलेलें असतें. दुसरें प्रामाणिक असतें, म्हणून आम्हांस त्याविषयीं अधिक आदर वाटतो. अडचण एवढीच कीं, तें उच्चारून झालें म्हणजे पुस्तक मिटतें. आणि घरांतील वडील मंडळींनीं मिटलेलें पुस्तक मग लेकीसुनांच्या हातीं क्वचितच जातें.

१९४७ सालीं अशीं दोन पुस्तकें प्रसिद्ध झालीं, एक मराठींत व दुसरें फ्रेंच भाषेंत. दोहोंतहि उंदीर आहेत, हा निव्वळ योगायोग. मराठी पुस्तक म्हणजे बाळ सीताराम मर्ढेकर यांचा 'कांहीं कविता' हा संग्रह. मर्ढेकरांचा जन्म आमच्या शेजारच्या खानदेशांत, फैजपूर येथला. १९४२ सालच्या 'रात्रीचा दिवस' या कादंबरींत त्यांनीं मनांत विचार जसे येतील तसे मांडण्याचा प्रयोग केला होता, व तोहि वाचकांस अवघडच गेला होता. पुढें उंदरांच्या मरणावरची त्यांची कविता आली, तेव्हां चंद्र, फुलें आणि विरह यांवर पोसलेल्या रसिकांनीं कपाळास हात लाविला. 'दुर्बोध' हा शब्द त्यांच्या नांवास जो चिकटला तो चिकटलाच. शिवाय संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. १९५२ सालीं ते त्यांतून निर्दोष सुटले आणि १९५६ सालीं वारले. आज तीच कविता महाविद्यालयांतून शिकवितात.

फ्रेंच पुस्तक बोरिस व्हियाँ यांची कादंबरी. तिच्या नांवाचा अर्थ 'दिवसांचा फेस'. स्वप्नांत घडतें तसें जागेपणीं घडवून दाखविणाऱ्या लेखनास 'अतिवास्तव' म्हणतात. आंद्रे ब्रेताँ यांनीं १९२४ सालीं त्याचा जाहीरनामा काढला. व्हियाँ त्या मंडळापैकीं नव्हेत, पण वळण तेंच. कोलाँ नांवाचा सुखवस्तु तरुण क्लोएशीं विवाह करितो, आणि थोड्याच दिवसांत तिच्या फुप्फुसांत पाण्यांतलें एक कमळ वाढूं लागतें. उपाय काय, तर रोग्याभोंवतीं सदैव ताजीं फुलें ठेवावीं व पाणी अगदीं बेताचें द्यावें. फुलांपायीं पैसा संपतो. घरहि आक्रसूं लागतें. छत खालीं येतें, खिडक्या लहान होतात, ऊन आंत येईनासें होतें. घरांत एक करडा उंदीर आहे. तो बिचारा फरशा घासघासून उजेड परत आणूं पाहतो व आपले पंजे सोलवटून घेतो. क्लोए अर्थात् वांचत नाहीं. लेखकाच्या हयातींत हें पुस्तक फारसें खपलें नाहीं. १९५९ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, ते वारले; आणि नंतरच्या दशकांत फ्रान्समधील तरुणांनीं तें डोक्यावर घेतलें.

इंग्रजी भाषांतराच्या आधारें आम्हीं ही कथा येथें वणीस, एका परिचित एकत्र कुटुंबांत, तीन संध्याकाळीं मराठींत सांगितली. मुलांस उंदीर आवडला. थोरल्या चिरंजीवांनीं, जे हिशेबखात्यांतून निवृत्त झाले आहेत, रोजच्या फुलांचा खर्च कागदावर मांडला. आजोबा मात्र पहिल्याच दिवशीं अडले. "अहो मास्तर, फुप्फुसांत कमळ उगवलें कसें, हें तरी त्यानें सांगायचें!"

हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. याच आजोबांनीं नातवंडांना कितीदां तरी सांगितलें आहे कीं, गडावरील सप्तशृंगी देवीची मान किंचित् कललेली आहे ती समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषि करीत असलेला पाठ ऐकण्यासाठीं. तेथें कोणी शंका काढीत नाहीं. ज्या ग्रंथाच्या नांवावरून आपण या वाङ्मयप्रकारास 'कादंबरी' म्हणूं लागलों, त्या बाणभट्टाच्या ग्रंथांत राजास कथा पोपट सांगतो आणि इंद्रायुध नांवाचा घोडा सरोवरांत शिरून पुन्हा मनुष्य होतो. आम्हीं ती कथा वर्गांत अनेक वर्षें सांगितली, "कसें?" म्हणून एकाहि विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं. कारण तेथें शाप आहे. शाप म्हटला कीं अपराध आला, मुदत आली, उःशापहि आला. व्हियाँच्या कमळामागें यांपैकीं कांहींच नाहीं. अद्भुताचें आपल्या वाचकास वावडें कधींच नव्हतें. त्यास जड जातें तें निष्कारण ओढवलेलें संकट.

तिसऱ्या संध्याकाळीं घर आक्रसण्याचा भाग आला. मधल्या सूनबाई आंतल्या दाराशीं भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "गुरुजी, यांत न कळण्याजोगें काय आहे? सासूबाई आजारी होत्या, तेव्हां आपलें माजघर असेंच लहान झालें होतें. खिडकी तीच होती, पण ऊन म्हणून येत नव्हतें."

कोणी कांहीं बोललें नाहीं. सासूबाई दीड वर्ष अंथरुणास खिळून होत्या, आणि त्यांची शुश्रूषा बहुतेक या एकट्या बाईनेंच केली. त्या दिवसांत तिला काय दिसत होतें, हें घरांत कोणीं तिला विचारलें नसावें.

ही कादंबरी सर्वस्वीं निर्दोष आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. सार्त्र या तत्त्वज्ञाची तींत केलेली थट्टा आपल्यापर्यंत पोहोंचत नाहीं, आणि कांहीं प्रसंग केवळ खोडसाळपणाचे आहेत. तेथें आम्हीं खुशाल पानें उलटलीं. मर्ढेकरांच्याहि कित्येक ओळी आम्हांस अद्याप दगडासारख्या वाटतात. कळलें नाहीं म्हणण्याचा हक्क वाचकास आहेच. फक्त तें घरांतल्या सर्वांच्या वतीनें म्हणूं नये, एवढीच आमची विनंति.

आजोबांनीं चिरंजीवांस हिशेबाचा कागद बाजूस ठेवावयास सांगितला व घर लहान होतें तो भाग आम्हांकडून पुन्हा वाचून घेतला. निघतांना "तें आपल्या मराठींतलें उंदरांचें पुस्तक आहे का तुमच्याजवळ?" असें त्यांनीं विचारलें. आमची प्रत सध्यां त्यांच्याच घरीं आहे. सूनबाईंनीं ती अगोदर मागून घेतली, म्हणून आजोबा अजून थांबले आहेत.