शुक्रवारी तलावाच्या काठावर येणाऱ्यांना शेवटची ताकीद

नागपूरच्या महाल वस्तीतल्या आणि महालात पाहुणे म्हणून येणाऱ्या सगळ्यांना कळावं म्हणून हे जाहीर लिहितो आहोत. विनंत्या करून झाल्या, हात जोडून झाले. कठड्याला पाट्या बांधून झाल्या, तर कुणीतरी पाटी काढून फेकली आणि तिच्याच दोरीनं निर्माल्याच्या पिशवीचं तोंड बांधून ती पाण्यात सोडली. तेव्हा आता विनंती नाही. हा इशारा आहे आणि त्याला मुदत आहे.

गांधीसागर म्हणा, शुक्रवारी तलाव म्हणा, की म्हाताऱ्या माणसांसारखं जुम्मा तलाव म्हणा. नागपूरला समुद्र नाही. जुन्या वस्तीची चौपाटी काय ती हीच. इशारा म्हटला की लोकांना वाटतं, काठावरचे रहिवासी आता कुलूप लावणार आणि आम्हाला हाकलणार. तसं काही नाही. या. सकाळी फिरायला या, संध्याकाळी पोरांना घेऊन या. रमण विज्ञान केंद्रातून सुटलेली शाळेची सहल लोखंडी कठड्याला चिकटून ‘सर, मासा! सर, मासा!’ असं ओरडते, ते ऐकायला आम्हालाही आवडतं. तर्री-पोह्यांची प्लेट हातात घेऊन वाऱ्याला उभं राहण्यासारखं सुख मे महिन्यातल्या नागपुरात दुसरं फारसं नसतं. हे सुख कुणी बंद करत नाही. फक्त ज्या पाण्यामुळे ते मिळतं, त्याचा जीव घेणं बंद करायचं आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बख्त बुलंदशहाच्या मुलानं, गोंड राजा चांद सुलताननं, ओढ्याला बांध घालून हे तळं केलं. त्यानंच शहराभोवती तट उभारला. त्या तटातला जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट, ज्याच्याखालून आपण रोज हॉर्न वाजवत जातो. तळं शोभेसाठी नव्हतं, शहराला पाणी पाजण्यासाठी होतं. पुढे भोसल्यांची राजधानी याच पाण्यावर वाढली. १८७० च्या सुमारास अंबाझरीचं पाणी शहरात आलं आणि या तळ्याची गरज हळूहळू कमी झाली. मग जमशेटजी टाटांनी तळ्याशेजारची दलदलीची जमीन घेतली, भराव टाकला आणि १ जानेवारी १८७७ रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. आता मिलच्या जागी मॉल आहे. मिलचा भोंगा ऐकून ज्यांच्या घरात चूल पेटायची, त्यांची नातवंडं आज त्याच आवारात एस्केलेटरवर चढतात. तळं मात्र जिथे होतं तिथेच आहे, आणि आता आपल्या पिढीच्या हाती सापडलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. उन्हाळ्यात एकदा पहाटे, उजाडायच्या आत, काठावर येऊन पाहा. पाण्याच्या वरच्या थरात शेकडो मासे तोंड वर काढून उभे असलेले दिसतील. तोंडं उघडताहेत, मिटताहेत. मोबाइलवाले म्हणतात, ‘पाहा भाऊ, कसे खेळून राहिले!’ ते खेळत नाहीत, त्यांचा श्वास कोंडला आहे. तुम्ही संध्याकाळी टाकलेला ब्रेडचा तुकडा, मुरमुरे, कणकेच्या गोळ्या, हार, नारळाच्या शेंड्या, वाटीभर दूध हे सगळं पाण्यात कुजतं. कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खातात. सांडपाण्याच्या खतावर माजलेलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, पण रात्री तेही उलट घेऊ लागतं. वर उन्हाळ्याचं पाणी. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मासे जगायचे तर लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाण सांगतं. त्याच्या बरंच खाली गेलं की दोन दिवसांत काठावर पांढऱ्या पोटांची रांग लागते. मग तुम्ही नाकाला रुमाल लावून विचारता, ‘काऊन हो, वास काऊन येऊन राहिला?’

पुण्य म्हणून माशांना कणीक टाकणाऱ्या काकूंना हे सांगणं जड जातं. पण काकू, ही कणीक माशांच्या पोटात थोडी आणि पाण्याच्या तळाला जास्त जाते. पुण्यच करायचं असेल तर घरच्या तुळशीला पाणी घाला.

निर्माल्याचं तर विचारू नका. महालाचा विसर्जनाचा हंगाम बाकी शहरापेक्षा लांब असतो. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्षात हडपक्या गणपती येतो. भोसलेकाळापासूनची ही परंपरा इथेच आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. तो जातो तोच दुर्गा येतात. म्हणजे भादव्यापासून दसऱ्यापर्यंत काठावर ढोल थांबत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. महिनोन्‌महिने ती तळाशी हात-सोंड तुटून पडून राहते आणि तिचे रंग पाण्यात उतरतात. मे २०२० मध्ये प्रदूषण मंडळानं अशा मूर्तींबद्दल सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, कृत्रिम टाकीतच विसर्जन करा असं सांगितलं. आणि टाक्या असूनही रात्री अडीचला टेम्पो मागच्या बाजूनं लावून, दिवे विझवून, चोरून विसर्जन करणारे महाभाग आहेतच. देवाला निरोप देताना दिवे विझवावे लागत असतील, तर ते कसलं विसर्जन, हे त्यांनीच ठरवावं.

खाण्याच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. तुमच्या पोटावर पाय द्यायचा आमचा इरादा नाही, आम्हीच तुमचे गिऱ्हाईक. पण उरलेलं तेल गटारात ओतू नका, कारण ते गटार कुठे जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेलाचा थर पाण्यावर पसरला की हवेतला ऑक्सिजनही आत शिरत नाही. रात्री बुलेटचे सायलेन्सर काढून काठाला फेऱ्या मारणाऱ्यांशी मात्र बोलण्यासारखं काही नाही. त्यांच्या गाड्यांचे नंबर आम्ही लिहून ठेवले आहेत.

ज्यांच्या ताब्यात हे तळं आहे, त्या साहेबलोकांनाही ऐकवायचं आहे. सौंदर्यीकरण हा शब्द ऐकला की आम्हाला धडकी भरते. दरवेळी नवे दिवे, नव्या फरशा, नवं उद्‌घाटन. तळाचा गाळ तिथेच आणि सांडपाण्याची तोंडंही तिथेच. आधी गाळ काढा, नाल्यांची तोंडं वळवा, मग हवे तेवढे दिवे लावा. पावसाचं पाणी शहरात कुठेतरी थांबावंच लागतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरली, हे विसरायला अजून फार दिवस झालेले नाहीत. आणि तळ्याची गटारगंगा झाल्यावर काय होतं ते पाहायचं असेल, तर बंगळुरूचं बेलंदूर आठवा. २०१७ साली त्या तळ्याला आग लागली होती. पाण्याच्या जागेला आग!

एक कायदेपंडित मध्यंतरी आम्हाला समजावून गेले की, हे तळं पडलं मानवनिर्मित, तेही पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं, आणि २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून अशी तळी वगळली आहेत, तेव्हा तुम्ही फार काही करू शकत नाही. म्हणजे चांद सुलताननं शहराची तहान भागवली हाच त्याचा गुन्हा! पण पंडितजींनी अर्धंच वाचलं होतं. १९७४ चा जल प्रदूषणाचा कायदा पाहा. त्यात जलस्रोताच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही प्रकारचे अंतर्गत जलाशय येतात आणि कलम २४ नुसार त्यांत घाण सोडायला मनाई आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २७९ तर अगदी साधं आहे. सार्वजनिक जलाशयाचं पाणी जाणूनबुजून घाण केलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते कलम पिशवी फेकणाऱ्या दादालाही लागू आहे आणि टेम्पोवाल्या मंडळालाही.

आता मुदती नीट वाचून घ्या.

गाडीवाल्यांनी अक्षय्य तृतीयेपर्यंत तेलासाठी झाकणाचा डबा आणि उष्ट्यासाठी टोपली ठेवायची. ज्या गाडीवर डबा नाही, तिथे काठावरचं एकही घर पोहे खाणार नाही. तर्री कितीही झणझणीत असो.

तळ्यात उतरणारी सांडपाण्याची तोंडं मृग लागायच्या आत बंद झाली पाहिजेत. यात आमच्या स्वतःच्या गल्लीतल्या काही घरांच्या मोऱ्या आहेत हे आम्हाला माहीत आहे. त्या घरमालकांना कळवलं आहे. ते शेजारी आहेत, काही तर सोयरे आहेत, म्हणून सूट नाही. ज्या तोंडांची जबाबदारी सरकारी कार्यालयाची आहे, त्यांचे तारखेसकट फोटो लेखी तक्रारीला जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातील आणि पोच घेतल्याशिवाय आम्ही तिथून हलणार नाही.

मंडळांनो, तुम्ही श्रावणात पावतीपुस्तक घेऊन दार वाजवाल. त्या दिवशी आधी आम्ही विचारू : मूर्ती कशाची, विसर्जन कुठे? मूर्ती मातीची आणि विसर्जन टाकीत, असं लिहून द्याल तर मागाल त्याहून जास्त वर्गणी घ्या, चहा पिऊन जा. नसेल द्यायचं, तर दार लावून घेतलं जाईल, मग मंडळ कुण्या नगरसेवकाचं असो की आमच्याच पुतण्याचं. आणि ज्याचा टेम्पो रात्री पाण्याशी सापडेल, त्याच्यावर कलम २७९ खाली नावानिशी तक्रार होईल.

एवढं करूनही कुणाला लाज वाटली नाही, तर हे शहर नागपूर आहे हे ध्यानात ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासून या शहरानं आपली ईडापीडा, रोगराई तिच्या गळ्यात घालून हद्दीबाहेर घालवली आहे. तिच्यासोबत बडगे नावाचे पुतळेही निघतात, गळ्यात पाट्या अडकवून. महागाई काय, लाचखोरी काय, कुणीही त्यातून सुटलेलं नाही. पोळा झाला की चार-पाच दिवसांत गणपती बसतात, म्हणजे मंडळांनाही वेळेवर दर्शन घडेल. यंदाच्या आमच्या बडग्याचा बांबूचा सांगाडा बांधायला घेतला आहे. त्याच्या एका हातात निर्माल्याची पिशवी असेल, दुसऱ्या हातात तेलाची कढई. पाटीवर कुणाचं नाव लिहायचं ते पोळ्याच्या आदल्या रात्री ठरेल आणि तोवर ते खोडण्याची संधी प्रत्येकाच्या हातात आहे.