नाट्यगृहाच्या पायऱ्या

गेल्या वर्षी एका शहरातील जुन्या नाट्यगृहात संगीत नाटकाचा प्रयोग होणार असल्याचे कळले आणि माझ्या ८२ वर्षांच्या आत्याबाईंना घेऊन जाण्याचा बेत ठरला. नाट्यपदांवर वाढलेल्या या बाईंना गुडघ्यांमुळे चार वर्षे नाटक पाहावयास मिळाले नव्हते. प्रयोगाच्या दिवशी सकाळच्या चहानंतर त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "तिथली मोरी कुठे जिन्याखाली असायची. मी कशी उतरणार? त्यापेक्षा तहान सोसलेली बरी."

नाट्यगृहापाशी पोहोचलो तो समोर १४ पायऱ्या आणि धरावयास कठडा नाही. व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी दोन तरुणांना बोलावले, आत्याबाईंना खुर्चीत बसविले आणि खुर्ची उचलून वर नेली. दाराशी उभी असलेली मंडळी वाट देऊन पाहत राहिली. प्रयोग उत्तम रंगला. परतताना मी पदांविषयी बोलू लागलो, पण त्या गप्पच होत्या. घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "यापुढे मला नेऊ नकोस रे. सगळ्यांदेखत असे उचलून घ्यायचे, नको वाटते." त्यानंतर त्यांनी नाटकाचे नाव काढलेले नाही.

यात दोष कोणा माणसाचा नव्हता. सर्वांनी मदतच केली होती. परंतु मदत घ्यावी लागणे आणि आपल्या पायांनी वा आपल्या चाकाच्या खुर्चीने आत जाता येणे, यांत फार मोठे अंतर आहे. त्या अंतराचा विचार आपण रसिक म्हणविणाऱ्यांनी फारसा केलेला नाही.

वाचकहो, हुबळी-धारवाडकडच्या मराठी माणसाला नाटक परके नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. आणि केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी स्थापन केली ती १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळीतच.

या केशवरावांचे नाव धारण करणारे नाट्यगृह त्यांच्या जन्मगावी, कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ते १९१३ ते १९१५ या काळात उभारले. तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर होते, १९५७ साली केशवरावांचे नाव देण्यात आले. शेजारीच महाराजांनी बांधविलेले खासबागचे कुस्ती मैदान. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात महाराजांनी रोमची प्राचीन क्रीडागारे पाहिली आणि त्यांतून या मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. मैदान असे खोलगट की शेवटच्या प्रेक्षकालाही मल्ल दिसावा. नाट्यगृहात मध्ये खांब नाहीत, जेणेकरून कोणाच्याही नजरेआड नट जाऊ नये. बांधणाऱ्याने प्रेक्षकाची चिंता वाहिली होती ती अशी.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. ते दृश्य पाहून कित्येक रसिक रडले. त्यानंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. जुने रूप जसेच्या तसे परत यावे अशी इच्छा सर्वांनी बोलून दाखविली, आणि ती योग्यच होय. पण महाराजांचा हेतू जपावयाचा तर एक प्रश्न पुढे नेला पाहिजे. प्रत्येक आसनावरून रंगमंच दिसावा, हे त्या काळी साधले. आता त्या आसनापर्यंत प्रत्येकास पोहोचता यावे, हे साधावयाचे आहे.

कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यास, २०१७ ची नियमावली निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती २०२२ साली सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत.

अडचण आहे ती जागेची. उताराचा सर्वमान्य दंडक असा की एक फूट चढण्यास बारा फूट लांबी हवी. त्या १४ पायऱ्यांची उंची सात फूट धरली, तर उतार ८४ फुटांचा होईल, शिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा हव्यात. जुन्या वास्तूच्या दर्शनी भागी एवढे बांधकाम शोभणार नाही, हे मान्य. परंतु बाजूस वा मागे एखादे कमी उंचीवरचे दार असू शकते. नसल्यास लहान उद्वाहन बसविता येते. दोन्ही हातांस कठडे, पायरीच्या कडेला अंधारात दिसेल असा पिवळा पट्टा, तळमजल्यावर रुंद दाराचे एक प्रसाधनगृह, रांगेच्या टोकाशी चाकाच्या खुर्चीपुरती मोकळी जागा: यांतले काहीही वास्तूचे सौंदर्य बिघडवीत नाही.

आमच्या शाळेत एका विद्यार्थिनीसाठी उतार बांधला, तेव्हा एका मुलीसाठी एवढा खर्च कशाला, असे विचारणारेही होते. पुढे शाळेत मतदान केंद्र आले. त्या दिवशी गावातील किती वृद्ध त्या उतारावरून आले ते मी दाराशी उभा राहून पाहिले. मुलगी शाळा सोडून पुढे गेली, उतार राहिला.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मंडळांना हा विषय अधिकच लागू आहे. आपल्याकडे मराठी प्रयोग वर्षाकाठी एखादा. तो चुकला की वर्ष गेले. आणि ज्यांनी कानडी, हिंदी, गुजराती शेजारात राहून घरात मराठी टिकविली, ते आज सत्तरी-ऐंशीचे आहेत. नाटक ठरविताना आपण नटांचे मानधन विचारतो, ध्वनियोजना विचारतो. सभागृहाला पायऱ्या किती, हे विचारीत नाही. तिकिटासोबत एवढी माहिती छापावी, पुढील काही जागा तळमजल्यावर राखून ठेवाव्यात आणि वृद्धांना आधी आत सोडावे. यास पैसा लागत नाही.

आमच्या मंडळाच्या पुढील प्रयोगाचे सभागृह पाहण्याचे काम मी मागून घेतले आहे. आत्याबाईंना सांगितले, तर त्या हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. "आधी तू जाऊन पाहून ये," म्हणाल्या. "मोरीसुद्धा पाहा."