माती तीच, मालक बदलला की 'वारसा'?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे. 'ऐतिहासिक अडोबी घर विकणे आहे' अशा जाहिराती तिथे नित्याच्या आहेत. अडोबी म्हणजे माती, वाळू आणि काड कालवून उन्हात वाळवलेली कच्ची वीट. भिंती मातीच्या, वर लाकडी तुळया, तुळयांवर काटक्या आणि त्यावर मातीचे सपाट छत. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. हे आपले माळवदाचेच घर! पण सांता फेच्या जुन्या पूर्व भागात अशा घराची किंमत सहज दहा लाख डॉलरच्या, म्हणजे आठ कोटी रुपयांच्या पुढे जाते. आपल्याकडे मात्र घरकुलाच्या यादीत मातीच्या घरापुढे 'कच्चे' असे लिहिले जाते.

मग आमचा साधा प्रश्न आहे : मातीची किंमत माती ठरवते की मालक?

इतिहास पाहू. स्पॅनिश लोक येण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून तिथले मूलनिवासी प्यूब्लो लोक मातीची मजली घरे बांधत होते. साच्यात वीट पाडण्याची रीत स्पॅनिशांनी आणली. राबणारे हात मात्र बहुतांशी मूलनिवासींचे होते. सक्तीची मजुरी आणि त्यांच्या धर्मावरची बंदी असह्य झाली, तेव्हा १६८० साली प्यूब्लोंनी उठाव करून स्पॅनिशांना हाकलले आणि सांता फे बारा वर्षे स्वतःच्या ताब्यात ठेवले. हा इतिहास विक्रीच्या जाहिरातीत सापडेल का?

याच शहरात 'बारियो दे अनाल्को' ही जुनी वस्ती आहे. मेक्सिकोतून आणलेले मूलनिवासी नोकर-मजूर तिथे राहत. 'अनाल्को' या नाहुआत्ल शब्दाचा अर्थ आहे 'पाण्याच्या पलीकडे'. मालक नदीच्या अलीकडे, राबणारे पलीकडे! वेशीबाहेर वाढलेल्या माणसाला यावर भाष्य नको. आज ती वस्ती राष्ट्रीय वारसा म्हणून मिरवते.

आणखी एक गोष्ट. 'किवा' ही प्यूब्लोंची पवित्र विधींची खोली. पण घर विकणारे कोपऱ्यातल्या मातीच्या शेकोटीला 'किवा शेकोटी' म्हणतात. ज्यांचा धर्म बंद पाडला, त्यांच्याच धर्मातला शब्द आता घराची किंमत वाढवतो.

या भिंतींना गिलावा करण्याचे काम परंपरेने बायकांचे. त्यांना तिथे 'एन्हारादोरा' म्हणतात. पावसाने झिजलेली भिंत त्या पुन्हा पुन्हा हाताने लिंपत, म्हणूनच ती शतके टिकली. आपल्या आया-आज्यांचे सारवणही असेच. जाहिरातीत वास्तूचे वय असते, मालकाचे नाव असते. लिंपणारीचे नाव कुठेच नसते.

१९५७ साली सांता फेने कायदा करून जुन्या भागातील इमारतींना हीच मातीची शैली बंधनकारक केली. शैली वाचली. पण श्रीमंतांची मागणी वाढली, भाव चढले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली अनेक स्पॅनिशभाषक कुटुंबे घरे विकून शहराच्या दक्षिणेकडे गेली. ही कुटुंबेही एकेकाळच्या वसाहतकारांची वारस आहेत, हे आम्ही विसरत नाही. वरचा खालच्याला दाबतो आणि त्याच्याही वर कोणीतरी असतो. श्रेणीबद्ध विषमता ओळखायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेच आहे.

कोणी म्हणेल, श्रीमंतांनी पैसा ओतला म्हणून तर घरे वाचली! वाचली, हे खरे. आमचा जतनाला विरोध नाही. भिंत जपायची आणि भिंत घालणाऱ्याला हुसकायचे, याला विरोध आहे.

हा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. शहरातले लोक आता हौसेने मातीचे फार्महाऊस बांधतात आणि आपल्याला विचारतात, 'तुम्हाला सिमेंटच कशाला हवे?' ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणाचा खरपूस समाचार घेतला होता, तो याच भाबडेपणासाठी. गावकुसाची भिंत दुरुस्त करणे हे महारांच्या माथी मारलेले काम होते. त्याच गावकुसाच्या आत त्यांना घर नव्हते. आमच्यासाठी माती ही हौस नव्हती, सक्ती होती.

म्हणून आम्ही मातीची लाज बाळगणार नाही आणि तिचे गोडवेही गाणार नाही. मातीचे घर हवे की पक्के, हे त्यात राहणारा ठरवेल. आणि ज्या घराला कोणी 'ऐतिहासिक' म्हणेल, तिथे आम्ही पहिला प्रश्न विचारू : हे बांधले कोणी आणि ते आज कुठे राहतात?

जय भीम!