चेहरा आपला, मत कुणाचं?



२०२३ साली अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या इथल्या मराठी घरांत फक्त पेढे वाटायचे बाकी होते. जन्म पुण्याजवळच्या खडकीचा ना! आनंद मलाही झाला. पण ते तिथे गेले अमेरिकेचे नागरिक आणि अमेरिकेचे उमेदवार म्हणून. बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने सुचवायचा आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा, ही अलिखित वाटणी सुरुवातीपासून चालत आली आहे.

नाणेनिधीत 'एक देश, एक मत' असा प्रकार नाही. ज्याचा कोटा मोठा, त्याची मतं जास्त. अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मतं आहेत आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात. म्हणजे बाकी सगळं जग एका बाजूला असलं तरी अमेरिकेचं एक 'नाही' पुरतं. भारताची मतं जेमतेम २.६३ टक्के.

१९४४ साली ब्रेटन वुड्सला या संस्था ठरल्या तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते. देश पारतंत्र्यात, तरी सोव्हिएत युनियन बाहेर राहिल्यामुळे कोट्यात आपला नंबर पाचवा लागला. आज आठवा!

कुणी म्हणेल, पैसा ज्याचा जास्त, त्याचा शब्द जास्त, त्यात वावगं काय? ठीक आहे, मग तोच नियम नीट लावा की! २०१० साली ठरलेली कोट्याची फेरवाटणी अमेरिकन काँग्रेसच्या मंजुरीसाठी अडून राहिली आणि अमलात आली जानेवारी २०१६ मध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये कोटा ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, पण सगळ्यांचा सारख्याच प्रमाणात. ताट मोठं, वाटे तेच.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेचं दिवाळं निघालं. २०२३ मध्ये निधीने सुमारे तीन अब्ज डॉलर मंजूर केले, सोबत अटी आल्या. कर वाढले, विजेचे दर वाढले. ती बिलं कोलंबोतल्या घराघरांतून भरली गेली. अटी ज्याने पाळायच्या, त्याच्याच हातात मतं नाममात्र, हे मला काही पटत नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा. आपल्याकडे तरी एका माणसाला एकच मत आहे!