तंबोरी आणि सात किलो

परवा मिरजेहून फोन आला. "बाई, भोपळा बसवलाय. पण आवाज पहिल्यासारखा येणार नाही, आधीच सांगून ठेवतो." कारागीर प्रामाणिक माणूस. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

ही तंबोरी ह्यांनी १९७६ साली मिरजेहून आणली होती. जेमतेम तीन फुटांची. मोठा तंबोरा आमच्या दोन खोल्यांत मावला नसता. मी काही गायिका नव्हे, शाळेत मराठी शिकवणारी बाई. पण पहाटे तासभर ती मांडीवर असायची. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला निघाले, तेव्हा ठरवलं, ही आता नातीला द्यायची. ती तिथे गाणं शिकते.

लोहगावला काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, ही आत नेता येणार नाही. सामानात टाका." मी म्हटलं, वजन करा, सात किलोच्या निम्मंही भरणार नाही. तिने वजन केलंच नाही, लांबी दाखवली. मागे रांग खोळंबलेली. 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवून तंबोरी पट्ट्यावरून निघून गेली. पोचल्यावर पिशवी उघडली, तर भोपळ्याला वरपासून खालपर्यंत तडा. नात म्हणाली, "आजी, इट्स ओके, फोनवर तानपुरा आहे ना." तिच्यापुरतं ते खरंही होतं.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिने नियम वाचला. माझी तक्रार आहे ती नियमावर.

आपल्याकडे देशांतर्गत विमानात साधारणपणे एक बॅग, सात किलो आणि ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटर असं माप असतं. हे माप चाकांच्या बॅगेकडे बघून ठरवलेलं आहे. साधं व्हायोलिन घ्या. पेटीशिवायच ते साठ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे वजनाने पिसासारखं असलं तरी कागदावर ते 'मोठं'च. तंबोरीचं तर विचारूच नका. मग होतं काय, की काउंटरवरचा माणूस भला असेल तर वाद्य आत, घाईत असेल तर पोटात. एकाच वाद्याला जाताना एक न्याय, येताना दुसरा. काही कंपन्या वाद्यासाठी वेगळी सीट विकतात. मोठ्या सतारीला ते ठीक आहे, पण तंबोरीला माणसाचं तिकीट?

अमेरिकेने हा प्रश्न कायद्याने सोडवला. २०१२ च्या कायद्यात त्यांनी तरतूद केली आणि मार्च २०१५ पासून नियम लागू झाला. व्हायोलिन, गिटार अशी छोटी वाद्यं चढताना वरच्या कप्प्यात किंवा सीटखाली जागा असेल तर तिथल्या कंपन्यांनी आत घेऊ द्यायलाच हवीत, आणि हातातल्या सामानाला असेल त्याहून जादा पैसे मागायचे नाहीत. एकदा ठेवलेलं वाद्य मागून आलेल्याच्या बॅगेसाठी काढायला लावायचं नाही. पहिला आला त्याची जागा, इतकं साधं! यात कुणावर उपकार नाहीत आणि कुणावर अन्यायही नाही.

जावईबापू म्हणतात, "आई, विमानात आधीच जागा नसते, लोकांनी बॅगा कुठे ठेवायच्या?" मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच मी 'जागा असेल तर' हे शब्द सोडत नाही. पण कपड्यांची बॅग खालून गेली तर इस्त्री मोडते. भोपळा फुटला की आवाज जातो, आणि तो नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिता येत नाही. २०१४ मध्ये उस्ताद अमजद अली खाँ यांची सरोद परदेशातून येताना हरवली होती. सुदैवाने ती सापडली. एवढ्या मोठ्या कलावंतावर ही वेळ येते, तर तुमचं-आमचं काय?

आणि हे आपल्याकडे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं तंतुवाद्यं बनतात. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी हा धंदा उभा केला. भोपळे पंढरपूरकडचे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मानांकन दिलं ते छानच. पण ते वाद्य धडपणे घेऊन जाता येईल असा एक ओळीचा नियमही करा की!

तोवर अनुभवाने आलेलं शहाणपण सांगते. तारा थोड्या सैल करा. पिशवी नको, कडक पेटी घ्या. कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तराचा कागद जवळ ठेवा. जुन्या वाद्यावर हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर ते परदेशी नेऊच नका, कायद्याची भानगड होते.

असो. पुढच्या महिन्यात मी मिरजेला जाणार आहे. नवा भोपळा कसा बोलतो ते ऐकायचंय. नात मे महिन्यात येतेय. तंबोरी तिला इथेच वाजवू दे. जाताना तिच्यासोबत द्यायची की नाही, हे अजून ठरत नाही. तुम्ही काय केलं असतं?