खांबाला कोणाला बांधणार?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण सरकारच्या फार पथ्यावर पडली आहे. औषध नाही म्हटले की उरतो तो मार. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी दारुड्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने फोडून काढले, आणि ते कधी लपवलेही नाही. गावातल्या भट्ट्या विझल्या, हे अण्णांचे मोठेच काम. पण पट्टा पाठीवर उमटला. डोक्यात काय धुमसत होते, ते कोणी विचारले?

लहानपणी बापाच्या लाथा खाल्लेला, क्षणात पेटणारा, हातावर ब्लेड ओढून घेणारा, बायको सोडून जाईल या धास्तीने तिलाच झोडपणारा आणि सकाळी तिचे पाय धरणारा तरुण तुमच्या आळीतही असेल. हा नुसता स्वभाव नव्हे, व्यक्तिमत्त्वविकार असू शकतो. त्याचे बॉर्डरलाइन आणि समाजविघातक हे दोन प्रकार दारूच्या आहारी गेलेल्यांत इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. प्रत्येक दारुडा असा नसतो. नुसत्या दारूनेही माणूस तसा भासतो. म्हणून ती सुटल्यावर काही काळाने पुन्हा तपासावे लागते. ते काम डॉक्टरचे, गावपंचांचे नव्हे!

कायदाही हेच सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मनोवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत बसवले. आणि त्याच वर्षी नगर जिल्ह्याने काय पाहिले? जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत पांगरमल गावात विषारी दारूने माणसे मेली. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये बनत होती, असे पोलीस तपासात निघाले. जिथे व्यसनी माणसाने उपचाराला जायचे, तिथेच त्याचे विष शिजत होते! मग बेशरम कोण, पिणारा की पाजणारा?

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळीचा मद्यार्क होतो, त्यावरचा कर तिजोरीत पडतो. गावाने दारूचे दुकान बंद पाडायचे तर बायकांनी मतपत्रिकेवर बंदीचे चिन्ह असलेल्या 'आडव्या बाटली'ला मत द्यायचे, धमक्याही त्यांनीच सोसायच्या. महसूल सरकारचा, मार बायकांचा!

स्वभावाला गोळी नसेल, उपचार आहेत. रागाला आणि रितेपणाला आवर घालायला शिकवणारी डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी महिनोन्‌महिने चालते. एका इंजेक्शनात दारू सोडवणाऱ्या भोंदूंच्या धंद्यासारखी ती झटपट नसते. तेव्हा पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत जाहीर करावे: अकोले, पाथर्डी, जामखेडच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस बसतो, आणि दारूच्या करातला किती पैसा त्याच्या पगारावर खर्च होतो?